विचारायचं कुणाला, बघायचं कुठे: वॉर्डातल्या पहिल्या वर्षासाठी

नोकरीच्या चौथ्या महिन्यातली गोष्ट. नाईट होती. पहाटे अडीचच्या सुमारास एका पेशंटला लागोपाठ फिट्स आल्या. रेसिडेंट डॉक्टरांनी फेनिटॉइन लिहिलं आणि ते दुसऱ्या कॉलसाठी कॅज्युअल्टीत पळाले. मी तोपर्यंत फेनिटॉइन एकदाही लावलं नव्हतं. सीनियर सिस्टर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. मी इकडूनच ओरडून विचारलं, "सिस्टर, कशात लावू?" तिकडून उत्तर आलं, "डी-फाईव्हमध्ये लाव गं." मी पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत औषध सोडलं आणि बघता बघता बाटली गढूळ झाली.

ती बाटली अजून पेशंटला जोडली नव्हती, म्हणून निभावलं. फेनिटॉइन नॉर्मल सलाईनमध्येच (एनएस) द्यायचं असतं, डेक्स्ट्रोजमध्ये त्याचे स्फटिक होतात. सिस्टरना हे पक्कं माहीत होतं. पण त्या वेळी त्यांच्या हातात शेजारच्या पेशंटचं नॉरॲड्रेनालिन, म्हणजे बीपी वाढवायचं औषध होतं, आणि ते डी-फाईव्हमध्ये भरतात. त्यांना वाटलं, मी त्याबद्दलच विचारतेय. माझ्या प्रश्नात औषधाचं नावच नव्हतं.

ड्यूटीवर माहिती कशी शोधायची हे मी त्या रात्रीपासून शिकत आले. नर्सिंगच्या पुस्तकात औषधं असतात, आजार असतात. पण समोर पेशंट आहे, हातात सिरिंज आहे, डॉक्टर ओटीत आहेत आणि तुम्हाला एक गोष्ट माहीत नाही, अशा वेळी पुढच्या पाच मिनिटांत काय करायचं ते पुस्तकात क्वचितच सापडतं. जीएनएम किंवा बीएस्सी करून नुकत्याच वॉर्डात आलेल्या सिस्टर आणि ब्रदरसाठी ती पाच मिनिटं इथे लिहिते आहे.

पायरी १: प्रश्न पूर्ण करा

"कशात लावू?", "किती देऊ?", "हे चालेल का?" हे प्रश्न अर्धवट आहेत. अर्धवट प्रश्नाला समोरचा माणूस स्वतःच्या डोक्यात जे चाललंय त्याचं उत्तर देतो. तोंड उघडण्याआधी मनात एक वाक्य पूर्ण करा: कुठला पेशंट, कुठलं औषध, किती डोस, कुठल्या मार्गाने, कधीपर्यंत द्यायचंय. "बेड सात, फेनिटॉइन ९०० मिलिग्रॅम, आयव्ही, आत्ता द्यायचंय, कशात आणि किती वेळात?" असं विचारलं असतं तर सिस्टरनी मान वर करून पाहिलं असतं.

वाक्य पूर्ण झालं की स्वतःला आणखी एक विचारा: यात चूक झाली तर परत फिरता येईल का? पॅरासिटामॉलची गोळी अर्धा तास उशिरा गेली, ड्रेसिंगला कुठला पॅड घेतला, यात फार बिघडत नाही. शेजारच्या सिस्टरला विचारा आणि पुढे चला. पण शिरेतून जाणारं पोटॅशियम, इन्सुलिन, हिपॅरिन, रक्ताची पिशवी, मॅग्नेशियम सल्फेट, नवजात बाळाचा कुठलाही डोस, ही एकदा आत गेली की बाहेर काढता येत नाहीत. अशा वेळी एका माणसाच्या तोंडी उत्तरावर हात पुढे करायचा नाही. दोन ठिकाणी बघायचं, आणि त्यातलं एक ठिकाण छापील किंवा लिहिलेलं हवं. बाकी सगळं विसरलात तरी एवढं हाताला लावून घ्या.

पायरी २: आधी खाटेवर बघा

नवीन असताना आपण माहिती शोधायला काउंटरकडे धावतो. पण बरीच माहिती खाटेवर झोपलेली असते आणि खाटेशेजारी स्टुलावर बसलेली असते.

प्रश्न आपल्या माणसांना कळेल असा विचारा. "कसली ॲलर्जी आहे का?" म्हटलं की दहापैकी नऊ जण "नाही" म्हणतात, कारण त्यांच्या दृष्टीने ॲलर्जी म्हणजे धुळीने येणारी शिंक. त्याऐवजी विचारा, "आजी, कुठल्या गोळीने नाहीतर इंजेक्शनने कधी अंगावर गांधी उठल्या होत्या का? तोंड सुजलं होतं का? चक्कर येऊन पडला होता का?" मग आठवतं. "हो बाई, मागे दवाखान्यात एक सुई दिली होती, मरता मरता वाचले." कुठली सुई ते त्यांना सांगता येणार नाही, पण आता तुम्हाला शोधायचं काय ते कळलं.

नातेवाइकांना घरची गोळ्यांची पिशवी आणायला सांगा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कापलेल्या स्ट्रिप्स असतात, त्यात रक्त पातळ करायची गोळी निघते, शुगरची निघते, फिट्सची निघते. केस पेपरवर यातलं काहीच नसतं. झाडपाला, काढा, वैदूचं औषध याबद्दलही विचारा, आणि विचारताना कपाळाला आठी घालू नका. आठी दिसली की माणूस पुढचं लपवतो.

इन्सुलिन देण्याआधी "जेवलात का?" एवढंच विचारून भागत नाही. ताट बघा. "जेवले" म्हणणाऱ्या काकांनी दोन घास खाऊन ताट खाटेखाली सरकवलेलं असतं. मॉनिटरवर विचित्र आकडा दिसला तर आधी पेशंटकडे बघा, नाडी हाताने मोजा, बीपीचा कफ पुन्हा बांधा. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. वॉर्डातल्या चार्टवर एका ओळीत सगळ्यांचे श्वास वीस-वीस लिहिलेले मी पाहिले आहेत, आणि तब्येत बिघडण्याची पहिली खूण बहुतेकदा श्वासातच दिसते.

पायरी ३: ओव्हर घ्या, पण आपल्या डोळ्यांनी

ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना जाणाऱ्या सिस्टरकडून घ्यायची पेशंटची माहिती, काउंटरवर बसून घेऊ नका. खाटेशी उभं राहून घ्या. जाणाऱ्या सिस्टर दमलेल्या असतात, त्यांची लोकल किंवा एसटी सुटणार असते, हे खरं आहे. तरी दहा मिनिटं मागून घ्या.

ओव्हरमध्ये ऐकलेली प्रत्येक गोष्ट एकतर पाहिलेली असते किंवा सांगितलेली असते. "सलाईन चालू आहे" असं ऐकलं तर हात बघा, सुजलाय का, कॅन्युला कधीची आहे. "युरिन आउटपुट ठीक" ऐकलं तर पिशवीतला आकडा बघा आणि ती शेवटची कधी रिकामी केली ते विचारा. "पंपावर नॉरॲड चालू" ऐकलं तर सिरिंजवरचं लेबल वाचा: किती मिलिग्रॅम, किती मिलिलिटरमध्ये, किती वाजता भरलं. लेबल नसलेली सिरिंज ओव्हरमध्ये स्वीकारू नका. जिने भरली ती अजून समोर उभी आहे, तिच्याकडूनच लेबल लावून घ्या. ती घरी गेल्यावर त्या पारदर्शक पाण्यात काय आहे ते जगात कुणालाही सांगता येणार नाही.

रिपोर्टची तारीख आणि वेळ बघायची सवय लावा. "पोटॅशियम २.८" हा आकडा सकाळी सहाचा असेल आणि दुपारी दोन डोस गेले असतील, तर रात्री दहाला तो आकडा जुना झालेला असतो. रिपोर्टवरचं नाव आणि नोंदणी क्रमांकही वाचा. एका वॉर्डात एकाच आडनावाच्या तीन पेशंटबाया असणं आपल्याकडे नेहमीचंच आहे.

पायरी ४: व्हायल वाचा

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाची माहिती हातातल्या व्हायलवर छापलेली असते आणि घाईत तीच वाचायची राहून जाते. औषध रंगावरून, आकारावरून, ट्रॉलीतल्या जागेवरून उचलू नका. कंपनी बदलते, रंग बदलतो, मावशी ट्रॉली पुसताना ॲम्प्युलची जागा बदलते.

इन्सुलिनपासून सुरू करू. आपल्याकडे व्हायल बहुतेक ४० युनिट प्रति मिलिलिटरच्या असतात आणि पेनमधलं कार्ट्रिज १०० युनिट प्रति मिलिलिटरचं. सिरिंजही दोन: लाल टोपीची ४० साठी, नारिंगी टोपीची १०० साठी. एखाद्या रात्री पेन बिघडतं आणि कुणीतरी कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजने इन्सुलिन ओढतं. सिरिंजवरच्या १० च्या खुणेपर्यंत ओढलं म्हणजे पाव मिलिलिटर आलं, आणि १०० च्या कार्ट्रिजमधल्या पाव मिलिलिटरमध्ये २५ युनिट असतात. अडीचपट डोस. पेशंट पहाटे घामाघूम होऊन बेशुद्ध सापडतो. म्हणून व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवा, मगच सुई टोचा.

हिपॅरिन म्हणजे रक्त गोठू न देणारं इंजेक्शन. त्याची ५ मिलिलिटरची व्हायल दोन ताकदींत येते. एकीत प्रत्येक मिलिलिटरला १००० युनिट, दुसरीत ५०००. पहिली अख्खी व्हायल म्हणजे ५००० युनिट आणि दुसरी अख्खी म्हणजे २५,०००. "पाच हजार दे" म्हटल्यावर कुणी सवयीने पूर्ण व्हायल ओढली आणि ती दुसरी निघाली, तर पुढे काय होईल ते सांगायला नको.

पोटॅशियम क्लोराइडचं १० मिलिलिटरचं ॲम्प्युल १५ टक्क्यांचं असतं, म्हणजे त्यात साधारण २० मिलिइक्विव्हॅलंट. ते थेट शिरेत कधीही द्यायचं नाही. सलाईनमध्ये मिसळून, बाटली नीट हलवून, सावकाश द्यायचं. साध्या वॉर्डात हाताच्या शिरेतून तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटच्या पुढे जाऊ नका. जास्त लागत असेल तर पेशंट मॉनिटरवर हवा आणि निर्णय सीनियर डॉक्टरांचा हवा. तुमच्या वॉर्डात हे ॲम्प्युल डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी ठेवत असतील तर आजच इन्चार्ज सिस्टरना सांगा आणि त्याची जागा वेगळी करा.

नॉरॲड्रेनालिनच्या लेबलवर दोन आकडे दिसतात: बायटार्ट्रेट २ मिलिग्रॅम आणि त्याच्या बरोबरीचं नॉरॲड्रेनालिन १ मिलिग्रॅम. औषध तेच, मोजायची रीत दोन. ऑर्डर कुठल्या आकड्याने लिहिली आहे हे आयसीयूत पहिल्याच दिवशी विचारून घ्या, नाहीतर एकीचा डोस दुसरीच्या दुप्पट होतो.

२०२१ च्या मे-जूनमध्ये म्युकरमायकोसिसचे पेशंट महाराष्ट्रभर वॉर्ड भरून आले, तेव्हा ॲम्फोटेरिसिन बी हे औषध आमच्यातल्या अनेक जणींनी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलं. त्यात साधं आणि लायपोसोमल असे दोन प्रकार होते. व्हायल दोन्हींची ५० मिलिग्रॅमची, नाव जवळपास सारखं, डोस मात्र अगदी वेगळा. लायपोसोमल दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅम आणि त्याहूनही जास्त दिलं जात होतं. साधं किलोमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं तर जीव जाऊ शकतो. त्यात तुटवडा, आज हा स्टॉक तर उद्या तो. दोन्ही डेक्स्ट्रोजमध्येच द्यायची, लाईन सलाईनने फ्लश केली तरी साका बसतो. ज्या वॉर्डात सिस्टरनी खोक्यातली घडीची पत्रिका काढून, उलगडून, भिंतीवर चिकटवली, तिथे दर पाळीला नव्याने विचारायची वेळ आली नाही. खोक्यातली ती पातळ पत्रिका फेकू नका. डायल्यूशन (कशात आणि किती पातळ करायचं), वेग, कशात मिसळायचं नाही, उघडल्यावर किती तास टिकतं, सगळं तिच्यात असतं. अक्षर बारीक असतं, मोबाईलने फोटो काढून मोठं करून वाचा.

पायरी ५: माणसाला विचारताना

ब्रिटनमध्ये कार्ल थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये छापलेल्या अभ्यासात दिसलं, की अडल्यावर नर्सना पुस्तकापेक्षा किंवा संगणकापेक्षा माणूस जास्त उपयोगी वाटतो, त्यातही त्या कामात मुरलेली अनुभवी नर्स. आपल्याकडे वेगळं असेल असं मला वाटत नाही, आणि त्यात वाईटही काही नाही. अनुभवी सिस्टरला पुस्तकात नसलेलं माहीत असतं: कुठल्या सरांना रात्री दोनला फोन केलेला चालतो, कुठल्या पेशंटच्या "मला बरं वाटत नाहीये" कडे लगेच धावायचं.

फक्त कुणाला काय विचारायचं ते ठरवा. पंपाचं आयसीयूच्या सिस्टरला, डायल्यूशन आणि कशात काय मिसळायचं नाही हे फार्मासिस्टला, रक्ताच्या पिशवीचं ब्लड बँकेतल्या टेक्निशियनला, सुई टोचली तर इन्फेक्शन कंट्रोल सिस्टरला. रोटेशनवर आलेला हाऊसमन कदाचित तुमच्याइतकाच नवीन असतो, हे लक्षात ठेवून विचारा आणि त्याला खिजवू नका. मावशींना आणि वॉर्डबॉय मामांना वस्तू कुठे आहे ते विचारा, ती त्यांच्याइतकी कुणालाच माहीत नसते. पण औषधाचं त्यांना विचारू नका, वीस वर्षांची नोकरी असली तरी.

उत्तर मिळालं की आणखी एक वाक्य विचारायला शिका: "सिस्टर, हे आपल्याकडे कुठे लिहिलंय का? मला एकदा वाचायचंय." "तुम्हाला नक्की माहीत आहे का?" असं विचारलं तर अपमान होतो. वाचायला मागितलं तर होत नाही. ज्यांना खरंच माहीत असतं त्या फाईल काढून देतात. कधी कधी त्या थांबतात आणि म्हणतात, "अगं, असंच करत आलोय आपण." या उत्तरातूनही तुम्हाला काहीतरी कळलेलं असतं.

पायरी ६: लिहिलेलं कुठे सापडतं

पहिल्या आठवड्यात, सगळं शांत असताना, वॉर्डातली प्रोटोकॉलची फाईल शोधून ठेवा. कपाटात कुलूपबंद असेल तर किल्ली कुणाकडे असते ते विचारा. प्रत्येक पानावर तारीख आणि सही बघा. तारीख नसलेला कागद कितीही नीट लॅमिनेट केलेला असला तरी तो कधीचा आहे ते कळत नाही.

औषधांसाठी नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया आहे. गाझियाबादचं इंडियन फार्माकोपिया कमिशन ते काढतं, सहावी आवृत्ती २०२१ ची. आपल्या बाजारातली औषधं आणि आपले डोस त्यात आहेत. फार्मसीत प्रत नसेल तर मागा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या आणि नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या) मार्गदर्शिका फुकट मिळतात.

त्या वाचायच्या कशासाठी, तर सवय आणि नियम यांतलं अंतर कळावं म्हणून. सर्पदंशाचं उदाहरण घ्या. कोकणात, विदर्भात पावसाळ्यात असे पेशंट रोज येतात. अँटीस्नेक व्हेनम देण्याआधी कातडीत टेस्ट डोस द्यायची पद्धत कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं चालली. राष्ट्रीय मार्गदर्शिका सांगते की टेस्ट डोस देऊ नका. त्यावरून रिॲक्शन येणार की नाही ते कळत नाही आणि वेळ मात्र जातो. त्याऐवजी ॲड्रेनालिन भरून शेजारी ठेवा आणि पहिला तास पेशंटजवळून हलू नका. रक्त गोठतंय का हे बघायची वीस मिनिटांची चाचणीही नर्सच्याच हातात असते. त्यासाठी नवी, कोरडी, काचेची नळी लागते. प्लॅस्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत उत्तर चुकतं, आणि त्या चुकीच्या उत्तरावर दहा-दहा व्हायलचा निर्णय होतो.

प्रसूती कक्षात मॅग्नेशियम सल्फेटचा पुढचा डोस देण्याआधी तीन गोष्टी तपासायच्या असतात: गुडघ्याचा झटका येतोय का, श्वास मिनिटाला १६ च्या खाली नाही ना, गेल्या चार तासांत लघवी तासाला निदान ३० मिलिलिटर झाली का. यातली एक जरी गोष्ट बसत नसेल तर डोस थांबवून डॉक्टरांना बोलवा, त्यावरचा उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवा. डोस रोखायचा हा निर्णय तुम्ही घ्यायचा असतो, त्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट बघायची नसते.

एक तुमच्या स्वतःसाठी. सुई टोचली तर जागा साबण-पाण्याने धुवा. दाबून रक्त काढू नका, बोट तोंडात घालू नका, स्पिरिट ओतू नका. लगेच कळवा. नॅकोच्या मार्गदर्शिकेप्रमाणे एचआयव्हीविरुद्धच्या औषधाचा पहिला डोस शक्यतो दोन तासांच्या आत हवा, ७२ तासांनंतर उपयोग नाही, कोर्स २८ दिवसांचा. ड्यूटी संपल्यावर सांगते, इन्चार्ज रागावतील, असं म्हणून मुली गप्प बसतात. गप्प बसू नका.

मोबाईलबद्दल

मोबाईल सगळेच काढतात, मीही काढते. काढायचा तर काही गोष्टी सांभाळा. ब्रँडच्या नावाने शोधू नका, औषधाच्या मूळ नावाने शोधा. एकाच ब्रँडपुढे एखादं अक्षर लागलं की आतलं औषध बदलतं. पान कुठल्या देशाचं आहे ते बघा. अमेरिकन पानावर इन्सुलिनची व्हायल १०० युनिटची असते, आपल्या फ्रिजमधली ४० ची. व्हॉट्सॲपवर फिरणारा डायल्यूशनचा तक्ता कुणी, कधी, कुठल्या स्टॉकसाठी बनवला ते त्यावर लिहिलेलं नसतं, त्यावरून औषध भरू नका. प्रश्नाचं तयार उत्तर देणारी ॲप्स चुकलेलं उत्तरही बरोबर उत्तराइतक्याच ठामपणे देतात. त्यांच्याकडून शब्दाचा अर्थ समजून घ्या, डोस घेऊ नका. केस पेपरचा, रिपोर्टचा, पेशंटच्या जखमेचा फोटो ग्रुपवर टाकून "कुणी सांगेल का" असं विचारू नका. तो कागद पेशंटचा आहे.

पायरी ७: डॉक्टरांना फोन

फोन उचलण्याआधी केस पेपर, चार्ट आणि ताजे व्हायटल्स समोर घ्या. आत्ता काय होतंय, आधी काय होतं, मला काय वाटतं, मला काय हवंय, या क्रमाने बोला. ही रीत अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरून रुग्णालयांत आली. तिथेही झोपेतून उठवलेल्या माणसाला थोडक्यात सगळं सांगावं लागतं.

"सर, मेडिसिन वॉर्डातून सिस्टर बोलतेय, बेड बारा. पेशंटला अर्ध्या तासापासून धाप लागली आहे. श्वास ३०, सॅच्युरेशन ऑक्सिजनशिवाय ८८, पल्स १२४, बीपी १०० बाय ६०. वय ५८, काल न्यूमोनियासाठी ॲडमिट, संध्याकाळी श्वास २० होता. ऑक्सिजन लावलाय, ९३ पर्यंत आलंय. मला तब्येत खालावतेय असं वाटतं. तुम्ही आत्ता येऊन बघा. तोवर एबीजीची (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीची) तयारी करून ठेवते."

"सर, पेशंट कसंतरी करतोय" असं सांगितलं तर उत्तर येतं, "बरं, बघतो." आकडे सांगितले तर माणूस उठतो.

तोंडी ऑर्डर मिळाली तर ती लिहून घ्या आणि परत वाचून दाखवा. इंग्रजीतले फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर एकसारखे ऐकू येतात, म्हणून "एक-पाच, पंधरा" असं म्हणा. औषधाचं नाव पूर्ण म्हणा. डॉक्टर वॉर्डात आले की सही घ्या.

ऑर्डर चुकीची वाटली तर? हा नवीन मुलींना सर्वांत जड जाणारा क्षण असतो. नकार असा द्या की त्यात पुढचा रस्ता असेल: "सर, हे थेट शिरेत देऊ नका असं ॲम्प्युलवरच छापलंय. किती सलाईनमध्ये, किती तासांत ते लिहून द्या, मी लगेच लावते." बहुतेक वेळा समोरून "अरे हो" येतं. नाही आलं तर औषध ट्रेमध्ये ठेवा, इन्चार्ज किंवा नाईट सुपरवायझरला कळवा, वरच्या डॉक्टरांना फोन करा. आवाज चढवायचा नाही आणि औषधही द्यायचं नाही. ओरडा खाल्लेल्या रात्री मला आजही आठवतात. पण मी न दिलेल्या औषधाने माझ्या हातून कुणी गेलं नाही.

पायरी ८: लिहा

काय पाहिलं, किती वाजता, कुणाला कळवलं, काय उत्तर मिळालं, मग काय केलं. नर्सेस नोट्समध्ये "पेशंट फेअर" एवढंच लिहून पुढच्या पाळीला काहीच मिळत नाही. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या बीपीच्या गोळीचा उपयोग दाखवला आणि तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्यामागे मोठी प्रयोगशाळा नव्हती. कोकणातल्या खाटांशेजारी बसून पेशंटची नाडी, घाम, बीपी यांच्या नीट ठेवलेल्या नोंदी होत्या. तुमचा चार्टही तशीच एक नोंद आहे.

औषधाने रिॲक्शन आली तर ती कळवणं नर्सचंही काम आहे. भारताच्या फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाचा फॉर्म नर्स स्वतः भरू शकते. फुकट फोन नंबर १८००-१८०-३०२४. चूक होता होता टळली तर तीही लिहा. गढूळ झालेल्या त्या बाटलीबद्दल मी सकाळी इन्चार्ज सिस्टरना घाबरत घाबरत सांगितलं. त्यांनी मला मार्कर दिला आणि ट्रॉलीवर लावायला पुठ्ठा दिला. "फेनिटॉइन फक्त एनएस" असं मी मोठ्या अक्षरात लिहिलं. तो पुठ्ठा मी तो वॉर्ड सोडेपर्यंत तिथेच होता.

आता एक छोटी डायरी घ्या, युनिफॉर्मच्या खिशात मावेल अशी. पहिल्या नाईटच्या आधी तिच्यात हे भरा: फार्मसी, ब्लड बँक, लॅब, आयसीयू आणि नाईट सुपरवायझर यांचे एक्स्टेन्शन नंबर, ऑन-कॉलची यादी कुठे लावतात, प्रोटोकॉल फाईलची आणि इमर्जन्सी ट्रॉलीची जागा, सुई टोचल्यावर लागणारी औषधं रात्री कुणाकडे मिळतात, आणि तुमच्या वॉर्डात रोज जाणारी दहा इंजेक्शनं, प्रत्येकापुढे कशात, किती, किती वेळात, आणि हे तुम्ही कुठून घेतलं व कुठल्या तारखेला. पेन्सिलीने लिहा, कारण यातलं बरंच बदलतं.